विकासाच्या गरजा लिहायच्या म्हणजे काय?

प्रश्न : मी समुपदेशक म्हणून नुकतेच काम सुरू केले आहे. पुढील वर्षासाठी स्वतःच्या वैयक्तिक आणि व्यावसायिक विकासाच्या गरजा लिहून देण्यास पर्यवेक्षकांनी सांगितले, तेव्हा मी मानसिक आघातावरील उपचार, कुटुंबोपचार आणि माइंडफुलनेस या प्रशिक्षणांची नावे दिली. ‘यात तुम्ही कुठे आहात?’ असा शेरा मारून त्यांनी कागद परत केला. वैयक्तिक उणिवा अशा कागदावर मांडणे योग्य आहे का?

उत्तर : शेरा झोंबणारा असला तरी रास्त आहे. आपण उपाय लिहिले आहेत; ते कोणत्या अडचणीवरचे, हे मात्र लिहिलेले नाही.

ज्यांच्या नोंदी लिहिण्याची आपण टाळाटाळ केली, अशी दोन-तीन सत्रे निवडावीत. समजा, समोरची व्यक्ती वडिलांच्या मृत्यूविषयी बोलता बोलता गप्प झाली आणि आपण लगेच श्वसनाचा व्यायाम सुचवलात. व्यायामात काही गैर नाही. परंतु तो तिच्या गरजेपोटी सुचवला गेला, की ती शांतता आपल्यालाच सोसवली नाही म्हणून, हे तपासायला हवे. दुःखापाशी थांबण्याचे कौशल्य कमी पडत असेल तर ती व्यावसायिक गरज आहे आणि संमतीने केलेले सत्राचे ध्वनिमुद्रण पर्यवेक्षकांसोबत ऐकल्याने ती बरीचशी भागेल; आपलेच एखादे न शमलेले दुःख त्या क्षणी वर आले असेल, तर स्वतः एखाद्या उपचारकाकडे जाणे अधिक उपयोगाचे ठरेल. उपचारकाच्या मनात उमटणाऱ्या अशा प्रतिक्रियांना फ्रॉइड यांनी १९१० मध्येच ‘काउंटरट्रान्सफरन्स’ असे नाव दिले होते, तेव्हा त्या कबूल करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

हे चिंतन एकट्याने केले तर फसगत होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२९ मानसोपचार व्यावसायिकांना आपले कौशल्य इतरांच्या तुलनेत जोखण्यास सांगितले असता, २५ टक्के जणांनी स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत बसवले आणि सरासरीहून कमी मात्र एकानेही मानले नाही! म्हणूनच ‘आज कुठे मी तुम्हाला समजून घेण्यात कमी पडले?’ असे सत्राअखेरीस क्लायंटला विचारावे, आणि येणारे उत्तर खुलासे न करता टिपून ठेवावे.

आता कागदाविषयी. ‘शोकाच्या प्रसंगी मी घाईने तंत्राकडे वळते’ एवढे वाक्य त्यात पुरेसे आहे. त्यामागची घरातली कहाणी आपल्या उपचारकापाशीच राहावी आणि क्लायंटची ओळख पटेल असा तपशीलही लिहू नये. मात्र वैयक्तिक त्रासाचा कामावर परिणाम होऊ लागला असेल, तर ते पर्यवेक्षकांना सांगणे ऐच्छिक राहत नाही.

यानंतर आपली मूळ यादी पुन्हा पाहावी. आघाताचे अनुभव घेऊन येणारे क्लायंट आपल्याकडे असतील, तर ते प्रशिक्षण राहू द्यावे. कुटुंबे एकत्र येतच नसतील, तर कुटुंबोपचाराचे प्रशिक्षण तूर्त बाजूला ठेवण्यास हरकत नाही.