डॅशबोर्डवरचे ८०० डॉलर घरी येईपर्यंत किती उरतात?

प्रश्न: मी ३२ वर्षांची, कोल्हापूरची. एका छापखान्याच्या डिझाइन विभागात नोकरी करते, हातात ३४,००० येतात. गेल्या ऑगस्टपासून रात्री फायव्हरवर (फ्रीलान्स कामं मिळवून देणारी ऑनलाइन बाजारपेठ) पॅकेजिंग आणि लेबल डिझाइनची कामं घेते. नऊ महिन्यांत ७,२०० डॉलरचं काम झालं, म्हणजे महिन्याला ८०० डॉलर, जवळपास ६८,००० रुपये. पगाराच्या दुप्पट! रात्री दहा ते दीडपर्यंत जागून आता अंगात त्राण उरत नाही, मुलगा सहा वर्षांचा आहे, नोकरीत घुसमट होते. जूनमध्ये राजीनामा द्यावा आणि ३.२ लाखांच्या एफडीतून १.६ लाखांचा नवा लॅपटॉप घ्यावा असं ठरवते आहे. मिस्टर पतसंस्थेत आहेत, २१,००० पगार. घरखर्च भाडं, शाळा, गाडीचा हप्ता धरून ४६,०००. सासूबाई ६९ वर्षांच्या, त्यांना मधुमेह. त्या माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत. नोकरी सोडू का? आणि बाहेरून येणाऱ्या पैशांवर टॅक्स लागतो का?

उत्तर:

ताई, तुम्ही महिनावार आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण सरासरी तेवढी कळवतात आणि सरासरीत सगळं झाकलं जातं. माझं मत आधीच सांगते: नोकरी सोडा, पण जूनमध्ये नको. लॅपटॉप एफडी मोडून तर अजिबात नको.

आधी ते ८०० डॉलर बघू. फायव्हर प्रत्येक ऑर्डरमधले २० टक्के कापून घेतं, म्हणजे उरले ६४०. डॉलर ८५ रुपयांना धरला तर ५४,४००. पैसे पेपॅलने येवोत की पेओनियरने, रुपयात बदलताना बँकेच्या दरापेक्षा दोन ते चार टक्के कमीच मिळतात. मी तीन टक्के धरले, आले ५२,८००. सॉफ्टवेअरचं भाडं, फॉन्ट, इंटरनेट आणि वीज मिळून तुम्ही ४,५०० लिहिलेत. हातात राहिले ४८,३००.

आता पगाराकडे या. हातात येणाऱ्या ३४,००० शिवाय तुमच्या वीस हजार बेसिकवर तुमचे २,४०० आणि कंपनीचे २,४०० दरमहा पीएफ-पेन्शनकडे जातात. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या रकमेचे, दरमहा साधारण साडेनऊशे साठत आहेत. म्हणजे तुमची नोकरी ३४ ची नसून जवळपास ४० हजारांची आहे. वर मेडिक्लेम आणि भरपगारी रजा. तुमच्या मनात तुलना आहे ३४ विरुद्ध ६८ ची, खरी तुलना आहे ४० विरुद्ध ४८ ची. आठ हजारांचा फरक. तोही चांगलाच आहे, कारण तो तुम्ही अर्धी झोप मोडून कमावलाय. पण "पगाराच्या दुप्पट" या वाक्यावर राजीनामा लिहू नका.

खरी गोष्ट मला सरासरीत दिसली नाही, महिन्यांत दिसली. तुमचेच आकडे, डॉलरमध्ये: ऑगस्ट ४१०, सप्टेंबर ६२०, ऑक्टोबर १,१८०, नोव्हेंबर १,६४०, डिसेंबर १,०९०, जानेवारी ३८०, फेब्रुवारी ४६०, मार्च ६९०, एप्रिल ७३०. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत निम्म्याहून जास्त कमाई झाली. तुमची गिऱ्हाइकं कोण? तुमच्याच पत्राप्रमाणे बहुतेक अमेरिकेतले मेणबत्त्या, साबण, हॉट सॉस विकणारे छोटे व्यापारी. थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमससाठी त्यांना नवी लेबलं लागतात, जानेवारीत त्यांचंच दुकान थंड असतं. ही त्यांची दिवाळी आहे, आणि तुमची कमाई तिच्याशी बांधलेली आहे.

सगळ्यात पडेल तीन महिने घ्या: ऑगस्ट, जानेवारी, फेब्रुवारी. कमिशन, रुपयांतली घट आणि खर्च वजा जाता हातात सरासरी २३,००० येतात. मिस्टरांचे २१ आणि हे २३, बेरीज ४४. घरखर्च ४६. त्यात अजून नवा मेडिक्लेम नाही आणि तुमची ५,००० ची एसआयपी नाही. फ्रीलान्स माणसाचं घर सरासरीवर चालत नाही, पडेल महिन्यावर चालतं. दुकानदाराच्या घरात वाढलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही, पण पगाराची सवय असलेल्याला ते अंगवळणी पडायला वेळ लागतो.

तुम्ही लिहिता, "नोकरी सोडली की वेळ दुप्पट मिळेल, कमाईही वाढेल." मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. नोव्हेंबरमध्ये ऑर्डर झेपेनात म्हणून तुम्ही अकरा दिवस गिग, म्हणजे फायव्हरवरची कामाची जाहिरात, बंद ठेवलं होतं. तिथे वेळ नक्कीच कमी पडला. पण जानेवारीत? जानेवारीत रात्री दहाला बसून तुम्ही ऑर्डरची वाट बघत होता. तेव्हा कमी पडत होती गिऱ्हाइकं, तास नव्हे. नोकरी सोडून दिवसाचे नऊ तास मोकळे होतील ते बाराही महिने, आणि त्यांचा उपयोग होईल तीन-चार महिनेच. बाकीच्या महिन्यांत ते तास नवं गिऱ्हाईक मिळवण्यात गेले तरच कमाई वाढेल. ते काम डिझाइनपेक्षा वेगळं आहे आणि तुम्ही अजून केलेलं नाही.

हे तपासायची सोय तुमच्याकडेच आहे. २२ दिवसांची रजा शिल्लक आहे म्हणता. त्यातले सलग दहा कामाचे दिवस जुलैत घ्या, मंदीच्या काळात, मुद्दाम. सकाळी नऊला बसा आणि नोकरी सोडल्यासारखं काम करा. किती नव्या चौकश्या आल्या, किती ऑर्डर झाल्या, वहीत लिहा. बाकीचे बारा दिवस नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. त्या अकरा बंद दिवसांची भरपाई तिथेच होईल.

एक गोष्ट मात्र आज संध्याकाळीच बघा: नेमणूकपत्रात "अन्यत्र काम करणार नाही" असं कलम आहे का? कोल्हापूरच्या छापखान्यांचं जग लहान आहे. कलम असेल तर मालकांशी बोला. कंपनीच्या मशीनवर, कंपनीच्या फॉन्टवर बाहेरचं काम कधीच करू नका.

ग्रॅच्युइटीबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिला नाहीत, म्हणजे बहुधा लक्षातच आलं नसावं. येत्या नोव्हेंबरात तुम्हाला या नोकरीत पाच वर्षं पूर्ण होतात. पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. हिशेब असा: शेवटचं बेसिक, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुमचे होतात ५७,६९२ रुपये. जूनमध्ये गेलात तर ते सोडून जाल. पाचव्या वर्षातले २४० दिवस भरले तरी पुरतं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण जूनमध्ये तेही भरतील याची खात्री नाही. आणि कोर्टाचे निकाल हातात धरून मालकाशी भांडण्यापेक्षा पाच महिने थांबणं स्वस्त पडतं. पीएफ मात्र नोकरी सोडल्यावरही काढू नका. राहू द्या, व्याज मिळत राहील.

सासूबाईंचा मेडिक्लेम ही मला सगळ्यात नाजूक बाब वाटते. तुमचा शेवटचा दिवस भरला की ग्रुप पॉलिसी संपली. नवी पॉलिसी घ्यायला गेलात तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, मधुमेह त्यातच येतो. त्यावर वाट आहे: त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं मोजली जातात. पण अर्ज राजीनाम्याच्या दीड-दोन महिने आधी करा. कंपनी तपासण्या मागेल, हप्ता वयाप्रमाणे बराच असेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा. आणखी एक: पुढच्या वर्षी त्या ७० च्या झाल्या की आयुष्मान भारतखाली उत्पन्न न बघता ५ लाखांचं संरक्षण मिळतं. वाढदिवस झाल्याबरोबर कार्ड काढून घ्या. तोपर्यंतचं हे एक वर्ष उघडं राहता कामा नये.

आता टॅक्स. हो, लागतो. भारतात राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावंच लागतं. पैसे डॉलरमध्ये आले, टीडीएस कापला नाही, म्हणून ते सुटत नाहीत. तुमचा पगार आणि फायव्हर मिळून करपात्र रक्कम नव्या पद्धतीत १२ लाखांच्या आत राहील असं दिसतं, तेव्हा सवलतीमुळे प्रत्यक्ष भरायचा कर बहुधा शून्य येईल. तरीही रिटर्न भरा, आणि पगारदारांचा साधा आयटीआर-१ नको. व्यवसायाचं उत्पन्न आयटीआर-३ किंवा ४ मध्ये जातं. जुन्या कायद्यातल्या ४४एडीए कलमाची सवलत, म्हणजे निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, ती ठरावीक व्यवसायांनाच आहे, आणि ग्राफिक डिझाइन त्या यादीत स्पष्ट नाही. जीएसटीची २० लाखांची मर्यादा तुमच्यापासून लांब आहे, पण फायव्हरला जाणारं कमिशन ही परदेशी सेवेची फी ठरते, आणि तिच्यावर जीएसटीचा प्रश्न येऊ शकतो. या दोन मुद्द्यांसाठी सीएला हजार-दोन हजार फी द्या आणि लेखी मत घ्या. पैसे जमा झाल्याचे बँकेचे दाखले दर महिन्याला डाउनलोड करून ठेवा.

कर शून्य असताना रिटर्नसाठी इतका आग्रह का? उद्या घर घ्यायचं म्हटलंत तर बँक पगारपत्रक मागणार नाही, दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागेल. घराचं स्वप्न जवळचं असेल तर तो विचार नोकरी असतानाच करा.

टेक्सासमधल्या मेणबत्तीवाल्या बाईंच्या लेबलचा फोटो तुम्ही जोडला आहे. काळ्या बरणीवर ते पिवळसर अक्षर, आणि मागच्या बाजूला वात कापायची सूचना इतकी नीट मांडलेली, की त्या पुन्हा पुन्हा का येतात ते कळलं. पण ७,२०० पैकी २,६०० डॉलर त्या एकट्यांचे आहेत. त्या थांबल्या तर एक तृतीयांशाहून जास्त कमाई जाते. त्यांना फायव्हरबाहेर ओढायचा मोह होईल, २० टक्के वाचतील म्हणून. करू नका. नियमभंग आहे आणि त्यात खातं बंद होतं. माझ्याकडे येणाऱ्या एका व्हॉइसओव्हर कलाकाराचं खातं एका बाजारपेठेने वेगळ्याच कारणावरून गोठवलं. तीन महिने पैसे अडकले, साडेतीनशे रिव्ह्यू दिसेनासे झाले. त्याची चूक नव्हती हे शेवटी सिद्ध झालं, पण तीन महिन्यांचं घरभाडं त्याने बहिणीकडून उसनं घेतलं. तेव्हापासून मी कोणालाच एका खात्यावर घर उभं करू देत नाही.

दुसरा पाय शोधायला तुम्हाला लांब जायला नको. कोल्हापुरात गूळ, मसाले, चपला, आणि घाट उतरला की काजू, कोकम. यांच्यापैकी कितीतरी जण आता ऑनलाइन विकू लागले आहेत आणि त्यांची पाकिटं अजून जुन्याच साच्यातली आहेत. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) नियमाप्रमाणे लेबलवर काय कुठे यावं हे छापखान्यात राहून तुम्हाला पाठ आहे. ही माहिती अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या उपयोगाची नाही, इथल्यांना मात्र सोन्यासारखी आहे. निम्मे पैसे आगाऊ घ्या, उधारी नको. जानेवारीतल्या रिकाम्या रात्री या कामासाठी आहेत.

पैशांची मांडणी अशी करा. फायव्हरसाठी वेगळं बचत खातं उघडा. नोकरी सोडल्यावर त्यातून दर महिन्याच्या पाच तारखेला स्वतःला ३०,००० "पगार" द्या, नोव्हेंबर असो की जानेवारी. नऊ महिन्यांच्या तुमच्याच आकड्यांवर हे करून बघितलं, तर १.६४ लाख त्या खात्यात शिल्लक राहिले असते. गिऱ्हाइकाने काम स्वीकारल्यावर फायव्हर पैसे साधारण १४ दिवस रोखून धरतं, त्या फटीसाठीही हीच शिल्लक कामी येईल. आज नोकरी आहे तोवर यातलं काहीच घरात आणू नका, सगळं तिथेच साठू द्या. ३.२ लाखांची एफडी तुमच्या घराच्या जवळजवळ सात महिन्यांची आहे, तिला हात लावायचा नाही. लॅपटॉप घ्या, डिसेंबरमध्ये, हंगामाच्या पैशांतून. सध्याच्या मशीनवर १,६४० डॉलरचा महिना निघाला आहे.

मग सोडायचं कधी? नोव्हेंबरात पाच वर्षं भरतील, त्याच वेळी ऑर्डरींचा पूर असेल आणि राजीनामा द्यावासा वाटेल. तेव्हा देऊ नका. जानेवारी आणि फेब्रुवारी जाऊ द्या. १ मार्चला बसा आणि तीन गोष्टी बघा: वेगळ्या खात्यात किमान दीड लाख आहेत का, जानेवारी-फेब्रुवारीत मिळून, इथलं आणि बाहेरचं धरून, ६०,००० हातात आले का, आणि सासूबाईंची पॉलिसी तुमच्या नावावर झाली का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर त्याच दिवशी राजीनामा द्या, मला विचारायलाही थांबू नका.

तोपर्यंत रात्रीचं दीड वाजणं मात्र बंद करा. आठवड्यातून चारच रात्री, साडेअकरापर्यंत. ३५ डॉलरच्या सगळ्यात लहान पॅकेजचा भाव ५० करा, कामं थोडी कमी होतील ती होऊ द्या. आणि उद्या ऑफिसात गेल्यावर एचआरकडून ग्रुप पॉलिसीचं सर्टिफिकेट मागून घ्या, त्यावर सासूबाईंचं नाव कोणत्या तारखेपासून आहे ते बघा. पुढचा सगळा हिशेब त्या तारखेवर आहे.