एलईडीच्या बिलाला दोन वर्षं होत आली, आता नोटीस नको, तक्रार टाका

अंबड तालुक्यातल्या एका भावाचा मेसेज आलाय. रेशमाचं चॉकी सेंटर आहे, अंडीपुंज आणून अळ्या दुसऱ्या मोल्टपर्यंत, म्हणजे दुसऱ्यांदा कात टाकेपर्यंत वाढवायच्या आणि शेतकऱ्यांना द्यायच्या, आणि पेब्रिन हा अळ्यांचा रोग बघायला एक मायक्रोस्कोप. त्यातला 6 व्होल्ट 20 वॅटचा हॅलोजन सारखा उडायचा म्हणून एका सर्व्हिसवाल्याकडून 7,500 रुपये देऊन एलईडी बसवून घेतला. बिल 12 ऑगस्ट 2024 चं, एक वर्षाची वॉरंटी, खाली बारीक अक्षरात 'बल्ब वॉरंटीत नाही'. दिवाळीच्या आधीच उजेड थरथरायला लागला, मायक्रोस्कोपमधून दिसणाऱ्या गोलाची एक बाजू काळी दिसायची. तो माणूस एकदा येऊन ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) बदलून गेला, परत तेच, मग व्हॉट्सॲपवर 'पुढच्या आठवड्यात येतो' असं वर्षभर, आणि आता फोनच उचलंना. भाऊ विचारायलेत, वकिलाची नोटीस पाठवू का अजून एक महिना बघू.

असाच मेसेज मला सोलर पंपाचा येतो, इन्व्हर्टरचा येतो, गेल्या महिन्यात शिलाई मशीनचा आला. माणूस 'येतो येतो' म्हणतो आणि आपण भल्या मनानं वाट बघत बसतो.

भाऊ, एक महिना बघू नका. आज जुलैची 18 तारीख आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. कारण कधी घडलं यावर वाद घालता येतो, उजेड पहिल्यांदा बिघडला तेव्हापासून धरा, ड्रायव्हर बदलून पण चालला नाही तेव्हापासून धरा, मी तुमच्याकडून उभा राहिलो तर हे सगळं बोलेन. पण समोरचा वकील बिलाची तारीखच धरणार, मग आपण आपल्या हातानं त्याला ती संधी कशाला द्यायची? 12 ऑगस्ट 2026 हीच शेवटची तारीख समजा आणि जुलै संपायच्या आत तक्रार आत टाका.

नोटीस पाठवली की मुदत नव्यानं सुरू होते असं गावोगाव लोकं धरून चाललेत. होत नाही. तुम्ही दहा नोटिसा पाठवा, शंभर मेसेज करा, घड्याळ थांबत नाही. आणि ग्राहक आयोगात जायला आधी नोटीस दिलीच पाहिजे अशी सक्तीही नाही. त्यानं व्हॉट्सॲपवर 'दुरुस्त करून देतो' लिहिलंय त्याचा फायदा होऊ शकतो, पण त्याच्या भरवशावर तारीख घालवू नका. उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, त्याला सबळ कारण लागतं आणि आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. 'तो येतो म्हणला म्हणून थांबलो' हे कारण ऐकून किती तक्रारी दारातूनच परत गेल्या ते मी डोळ्यानं बघितलंय.

सर्व्हिसवाला छत्रपती संभाजीनगरचा असला तरी तुम्ही जिथं राहता तिथं तक्रार चालते, म्हणजे जालन्याचा जिल्हा आयोग. फी लागणार नाही, दिलेली रक्कम पाच लाखाच्या आत आहे. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाईनही टाकता येते, पण शेवटच्या दिवशी साईट अडकली तर कोण जबाबदार, म्हणून आधीच करा.

'बल्ब वॉरंटीत नाही' या ओळीला घाबरू नका. तुमचा बल्ब उडालेलाच नाही. थरथरतोय तो हलक्या ड्रायव्हरमुळे, आणि बाजू काळी पडते कारण हॅलोजनची तार जिथं होती नेमकं तिथं एलईडी बसवलेला दिसत नाही. हे माझं म्हणणं झालं, आयोगासमोर दुसऱ्या मायक्रोस्कोप मेकॅनिकचं लेखी मत लागेल, नाहीतर प्रयोगशाळेत तपासणी. मोबाईलवर त्या उजेडाचा व्हिडिओ काढा, थरथर असेल तर पट्टे दिसतात. आणि आता मायक्रोस्कोप कुणालाच खोलू देऊ नका, मत देणाऱ्यालापण बाहेरून आणि चालू करूनच बघू द्या. जुना होल्डर आणि ट्रान्सफॉर्मर तुम्ही भंगारात घातला असं लिहिलंय. का हो घातला? तो असता तर मशीन पहिल्यासारखी करून फरक दाखवता आला असता, आता तो खर्च वेगळा मागावा लागेल.

समोरचा म्हणेल, हा धंदा आहे, हा ग्राहकच नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून चालवलेला धंदा कायदा यात धरत नाही, तसा माणूस ग्राहकच असतो, तुम्ही आणि वहिनी मिळूनच सेंटर बघत असाल तर मला बरी आशा वाटते, पगारी माणसं किती ते मात्र खरं लिहा. अळ्यांची बॅच गेली असेल तर त्याचं नुकसान मागा, पण ते एलईडीमुळंच गेलं हे दाखवणं अवघड जाईल, मिळेलच असं धरू नका.

एक प्रश्न तुम्हाला नक्की विचारतील, उजेड खराब होता तर जवळपास दोन वर्षं त्याच मायक्रोस्कोपवर बघून शेतकऱ्यांना अळ्या कशा विकल्या? याचं उत्तर आजपासून तयार करा. पेब्रिनचे बीजाणू बारीक, लांबट गोल, नुसते चमकतात, काळ्या बाजूत एखादा निसटला तर कुणाच्या तरी घरातलं कोषांचं अख्खं पीक जातं. पुढच्या बॅचचे नमुने दुसऱ्या चांगल्या मायक्रोस्कोपवर तपासून घ्या आणि त्याची नोंद ठेवा, केससाठी तर लागेलच, पण आधी त्या शेतकऱ्यांसाठी.

निकाल किती दिवसात? कायदा म्हणतो तीन महिने, तपासणी लागली तर पाच. समोरच्यानं उत्तर 30 दिवसात द्यायचं, जास्तीत जास्त 15 वाढवून, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं 2020 साली 45 च्या पुढं नाहीच असं ठणकावलंय, तरी तारखा पडत राहतात आणि गरीब माणसाचे हेलपाटे होतात, याचा मला दर वेळी संताप येतो. तुमचे पण होतील. पण उशीर आयोगाचा झाला तर केस जिवंत राहते, तुमचा झाला तर केस उरतच नाही.

बिलाचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि ते व्हॉट्सॲप चॅट आज रात्रीच पाठवा, तारीख मला स्वतः बघायचीय.