कमोड हलतोय आणि बुडातून पाणी झिरपतंय. भोवती व्हाइट सिमेंट भरलं तर थांबेल का?

नाही थांबणार. आत काय चाललंय ते दिसायचं मात्र बंद होईल.

डोंबिवलीला आमच्याकडे हेच झालं होतं. खालच्या काकूंच्या छताला पोपडे आले, आणि आमचे थोरले दीर दर वेळी सांगायचे, "अगं, वाटीभर व्हाइट सिमेंट मारून घे, विषय संपला." प्लंबर मारून जायचा, आठवडाभरात पुन्हा चीर. पडणारच. कमोड हलतो, सिमेंट लवत नाही. बरं, पुढून वाट बंद झाली की पाणी फरशीखालच्या कोब्यात मुरतं आणि खालच्यांच्या स्लॅबमधून बाहेर येतं. वॉटरप्रूफिंगवाल्याला तर अख्खं बाथरूम फोडायचं होतं.

शेवटी मी प्लंबरला म्हटलं, आधी कमोड उचला. खाली काळा, घाण वास मारणारा चिखल. पीव्हीसी फ्लँजचा (पाइपाच्या तोंडावर बसवलेली, कमोड धरून ठेवणारी चकती) स्क्रू बसतो तो कान तुटलेला, कमोड आणि फ्लँजमधला जोड बंद करणारी मेणाची रिंग एका बाजूला पार चेपलेली. आधीच्या मालकांनी जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवून घेतली होती, त्यामुळे फ्लँज बोटभर खाली गेलेला, आणि मधल्या फटीत सुतळी आणि सिमेंट कोंबलेलं. दुखणं एवढंच होतं.

तुम्हीही कमोड उचललात की आधी ड्रेनेजच्या पाइपात बोळा घाला, नाहीतर ड्रेनेजचा वास आणि पडलेले स्क्रू दोन्ही छळतील. फ्लँज सॉल्व्हंटने, म्हणजे पीव्हीसीच्या गोंदाने चिकटवलेला असतो. हॅक्सॉच्या पात्याने आतून उभा चिरून काढायचा, पाइपला पातं लागू द्यायचं नाही. नवा फ्लँज तयार फरशीच्या वर टेकला पाहिजे. खोल जात असेल तर एक्स्टेन्शन घ्या. स्क्रू काँक्रीटमध्ये धरले पाहिजेत, नुसत्या टाइलमध्ये नाही. मेणाची रिंग नवीच घ्या, एकदा दबलेली पुन्हा फुगत नाही. बोळा काढून कमोड सरळ खाली उतरवा, नट आलटून पालटून आवळा. जास्त आवळलंत तर चिनी माती तडकते. कडेला सिलिकॉन मारताना मागे थोडी फट ठेवा, म्हणजे उद्या गळलं तर कळेल.

दीर म्हणायचे, खालच्या छताचा खर्च सोसायटीने द्यावा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमांत) स्पष्ट आहे: बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीची, घरातल्या संडासाची सभासदाची. काकूंचं छत आम्हीच रंगवून दिलं, आणि तेच योग्य होतं. दीर अजून म्हणतात की सिमेंट नीट कालवलं नव्हतं. तुटलेला कान मी त्यांना हातात दिला होता.

हे सगळं एस-ट्रॅपसाठी, म्हणजे पाइप जमिनीत जातो तिथे. पाइप भिंतीत जात असेल तर पी-ट्रॅप, तिथला जोड वेगळा. जुन्या इमारतीत बिडाचा (ओतीव लोखंडाचा) पाइप निघाला तर स्वतः हात लावू नका. आणि कमोड उचलण्याआधी टाकीत खायचा रंग घालून फ्लश करून बघा. रंग कमोडच्या बुडाशी किंवा खालच्या छताला दिसलाच नाही, तर नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालच्या जोडाकडे वळा.