डाग काळा पडला, तरी चामडं व्हेज असेलच असं नाही

भाऊ, तुमची अडचण वाचली. किलोच्या भावानं चामड्याचे 6 किलो तुकडे घेतले, गंजक्या खिळ्यांच्या पाण्याचा थेंब टाकल्यावर काळे पडले, म्हणून व्हेज, म्हणजे झाडाच्या सालीच्या अर्कात कमावलेलं चामडं, समजून पोळ्यासाठी घुंगरमाळेचे पट्टे कापले. आता ठसा दुसऱ्या दिवशी दिसेनासा होतो आणि ओढला की पट्टा लांबतो. माझे सगळ्यात जास्त पैसे याच चुकीत गेलेत, म्हणून उत्तर लांबलंय. रेक्झिन कसं ओळखायचं ते सोडून देऊ, तुम्हाला येत असणारच.

तुमचा माल बहुतेक क्रोम-रीटॅन आहे: आधी क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर, कमावलेला, मग सालीच्या अर्काचा दुसरा हात दिलेला. सालीतल्या टॅनिनला, म्हणजे तुरट द्रव्याला, लोखंड लागलं की काळं होतं. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, ते हेच. म्हणजे डागावरून कळतं ते एवढंच की चामड्यात टॅनिन आहे. त्याआधी क्रोम होतं का, हे त्यावरून कळत नाही.

ते उकळत्या पाण्यात कळतं. 1 सेंमी रुंद, 5 सेंमी लांब पट्टी कापा, लांबी मोजून लिहून ठेवा. पाणी खळखळ उकळू द्या, नुसतं कोमट नको. पट्टी 1 मिनिट बुडवा. व्हेज असेल तर काही सेकंदांतच आकसून वळते आणि वाळल्यावर लाकडासारखी कडक होते. क्रोम आणि क्रोम-रीटॅन जवळपास होतं तसंच राहतं. आता दोन्ही कसोट्या शेजारी ठेवा. काळं पडलं आणि आकसलं तर व्हेज. काळं पडलं नाही आणि आकसलंही नाही तर क्रोम. काळं पडलं पण आकसलं नाही तर क्रोम-रीटॅन. एकट्या डागावर कधीच माल घेऊ नका.

थेंबही वरच्या बाजूला टाकू नका, तिथं रंग आणि पॉलिश असतं. रापीनं (चामडं कापायच्या सुरीनं) कड तिरपी तासा, म्हणजे आतला थर रुंद उघडा पडतो, आणि तिथं थेंब द्या. दोन्ही कडांना काळी रेघ आणि मधे निळसर राखाडी पट्टा दिसला तर पाणी उकळायचीही गरज नाही. पण अर्क आरपार मुरलेला असेल तर सगळंच काळं होतं, तिथं उकळणंच खरं. मुळात काळ्या रंगाच्या तुकड्यावर थेंबाचा काहीच उपयोग नाही. खिळ्याचं पाणी करताना मूठभर गंजके खिळे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये 2-3 दिवस ठेवा, झाकण सैल असू द्या, आत वायू तयार होतो.

जाळून बघायचा सल्ला बरेच जण देतात. माझं मत स्पष्ट आहे, तो करू नका. क्रोमचं चामडं जळताना क्रोमियमचं विषारी रूप तयार होऊ शकतं. उरलेलं कातरण चुलीत घालू नका, उकिरड्यावरही टाकू नका. ते खत शेतात जातं.

विकणाऱ्याच्या ‘प्युअर लेदर’ या शब्दाला काडीची किंमत देऊ नका. चामड्याचा खालचा थर, त्यावर प्लॅस्टिकची पापुद्री, तोही प्युअर म्हणूनच विकला जातो. याचा मला मनापासून राग येतो, कारण फसतो तो नवा माणूस. तुकडा दुमडा, घडीवर पापुद्री पांढरी पडली किंवा कडेनं नखानं सुटली, तर परत द्या.

आता कापलेल्या पट्ट्यांचं काय? फेकू नका. दोन पट्ट्या मांसाकडच्या बाजू समोरासमोर ठेवून जोडा, मधे नायलॉनची पातळ, न ताणणारी पट्टी घाला, आणि ओढ ती नायलॉनवर येऊ द्या. सोल्युशन (चामडं चिकटवायचा डिंक) दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्या, मग जोडून हातोडीनं ठोका. चकचकीत बाजू चिकटवायची असेल तर आधी पॉलिशपेपरनं खरडा, नाहीतर पाण्यात सुटते. कडेपासून 4 मिमी आत, मेणाच्या दोऱ्यानं शिवा. लांबी कमी पडली तर दोन्ही टोकं 5 सेंमीपर्यंत रापीनं निमुळती करून एकावर एक शिवा, पण वरच्या आणि खालच्या पट्टीचे सांधे एकाच जागी येऊ देऊ नका. घुंगरांच्या रिबटीमागे वायसर घाला, नाहीतर भोक ओढलं जाऊन रिबीट निसटते. ठशाची आशा सोडा. नक्षी हवीच असेल तर दोऱ्याची करा.

ठशाचा पट्टा करायचा तर म्हशीचं 3.5 ते 4 मिमी जाडीचं व्हेज घ्या, पाठीचा भाग, लांबी पाठीच्या कण्याच्या दिशेनं. पोटाचा तुकडा ताणतो. तो ओळखायचा तर दाण्याची, म्हणजे केसांकडची वरची, बाजू आत ठेवून दुमडा. सैल, मोठ्या सुरकुत्या पडल्या की पोट समजा.

तेलाबद्दल आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे घरातलं करडईचं किंवा जवसाचं तेल चोळणं. ही तेलं हवेत वाळतात, पट्टा चिकट होऊन धूळ धरतो. एरंडेल घ्या, कापडाच्या बोळ्यानं अगदी थोडं. व्हेजचे तुकडे उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका, तडकतात. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरतात, सुती कापडात गुंडाळा.

या घरच्या कसोट्या आहेत, प्रयोगशाळेचा दाखला नाही. उकळलेल्या पट्टीची आधीची आणि नंतरची लांबी इथं टाका, मग उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं ते बघू.