नव्या सेवकासाठी

सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, न पोहोचलेल्या लोकांमध्ये जायचं म्हणतोस, ऐकून फार आनंद झाला. पण निघण्याआधी एक कर: तिथे आधीपासून कोण राबतंय ते शोध. बहुधा कुणीतरी असतंच. शेजारच्या समाजातली छोटी ख्रिस्ती मंडळी, बायबलच्या भाषांतरात गुंतलेलं जोडपं, वर्षानुवर्षं प्रार्थना करणारा एखादा गट. आम्ही विचारलं नाही. मग एकाच भाषेत दोन संस्थांची भाषांतरं सुरू झाली, आणि 'देव' याला कोणता शब्द घ्यायचा यावरून मनं दुखावली. त्याची खंत मला अजून आहे.

१९७४ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या जागतिक सुवार्ता परिषदेत अमेरिकन मिशन-अभ्यासक राल्फ विंटर यांनी देशांपेक्षा लोकसमूहांकडे, म्हणजे एक भाषा आणि संस्कृती असलेल्या समाजांकडे, पाहायला लावलं. आज साधारणपणे सुवार्तिक (इव्हँजेलिकल) ख्रिस्ती २ टक्क्यांहून कमी असलेल्या समूहाला 'न पोहोचलेला' म्हणतात. आकडा कामाचा आहे, पण त्यामागची माणसं विसरू नकोस.

पैशाबाबत जास्त जप. जिथून पैसा येतो तिथूनच सगळे निर्णय येऊ लागले की भागीदारी नावापुरती उरते. १९१० साली एडिंबराच्या जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय ख्रिस्ती पुढारी व्ही. एस. अझरया यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांकडे मैत्री मागितली होती. म्हणून पहिल्या भेटीत बजेट काढू नकोस. ऐक, सोबत प्रार्थना कर, त्यांची भाषा शीक, आणि काय करायचं ते स्थानिक बंधुभगिनींना ठरवू दे.

त्यांचे फोटो, नावं कुठेही टाकण्याआधी त्यांना विचार. संकट आलं तर तू परत येशील. ते तिथेच राहणार आहेत.