माजी खेळाडू बोलला की संघाला का झोंबतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात भारताचे माजी कॅप्टन बिशनसिंग बेदींबद्दल लिहिलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या कोटला मैदानावर तिथल्या क्रिकेट असोसिएशनचे माजी अध्यक्ष अरुण जेटलींचा पुतळा बसवायचं ठरलं तेव्हा बेदींनी असोसिएशनला सरळ पत्र लिहिलं, की स्टँडला दिलेलं माझं नाव काढून टाका आणि माझं सदस्यत्वही रद्द करा. त्यावर भरपूर पत्रं आली, काही कौतुकाची आणि बरीचशी चिडलेली. त्यातली काही निवडून घेतलीयेत.

प्रश्न : खेळत असताना हे लोक मूग गिळून गप्प बसतात आणि रिटायर झाले की एकदम कंठ फुटतो. एवढी हिंमत होती तर टीममध्ये असताना का नाही दाखवली? – एक वाचक, कोथरूड

तुमचा राग कळतो, पण तो चुकीच्या माणसावर निघतोय असं मला वाटतं. खेळणारा क्रिकेटर बोर्डाच्या करारात बांधलेला असतो, मीडियासमोर काय बोलायचं यावर बंधनं असतात, आणि मुख्य म्हणजे त्याच्या पाठीशी कुणीच नसतं. इंग्लंडमध्ये खेळाडूंची संघटना १९६७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात १९९५ पासून, आपल्याकडे इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन झाली ती २०१९ ला आणि तीही फक्त निवृत्त खेळाडूंसाठी. मग ज्याला पुढच्या सिरीजला टीममध्ये राहायचंय त्यानं कुणाच्या जोरावर तोंड उघडायचं?

तरी एक जण बोलला होता. मोहिंदर अमरनाथ. १९८३ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल आणि फायनल, दोन्हीत मॅन ऑफ द मॅच असलेला हा माणूस, १९८८ मध्ये टीममधून वगळल्यावर निवड समितीला जोकरांचं टोळकं म्हणाला. त्यानंतर त्याला एकही टेस्ट मिळाली नाही. पुढे तो स्वतः निवड समितीत गेला आणि तिथून बाहेर पडल्यावर २०१२ च्या डिसेंबरमध्ये टीव्हीवर सांगून मोकळा झाला, की ऑस्ट्रेलियातल्या पराभवानंतर आम्हाला धोनीला कॅप्टनपदावरून काढायचं होतं पण बोर्डाच्या अध्यक्षांनी होऊ दिलं नाही. धोनीला काढायला हवं होतं की नाही हा वेगळा मुद्दा, मला विचाराल तर नाही, पण हा माणूस खेळताना जसा बोलला तसाच खुर्ची गेल्यावरही बोलला, आणि दोन्ही वेळा स्वतःचं नाव लावून बोलला.

आणि रिटायर झालं की माणूस मोकळा होतो हे तरी कुणी सांगितलं? पेन्शन आहे, कॉमेंट्रीचं काम आहे, कोचिंग आहे, असोसिएशनमधली पदं आहेत, या सगळ्याच्या चाव्या त्याच लोकांकडे असतात. कपिल देवचं उदाहरण घ्या ना. देशाला पहिला वर्ल्ड कप आणून देणारा कॅप्टन, पण २००७ मध्ये बोर्डाला नको असलेल्या आयसीएल या खासगी लीगमध्ये गेला तर नॅशनल क्रिकेट अकॅडमीचं अध्यक्षपद गेलं, पेन्शन बंद झालं. २०१२ मध्ये त्यानं बोर्डाला पत्र लिहून जुळवून घेतलं तेव्हा कुठे एकरकमी दीड कोटी मिळायचा रस्ता मोकळा झाला, जो त्याच्याबरोबरीच्या बाकीच्यांना मिळत होता. मला हे फार लागलं होतं तेव्हा, आजही लागतं. कपिलची ही गत होते म्हटल्यावर रणजी खेळून थांबलेला साधा खेळाडू कशाला बोलेल.

म्हणून असं काही वक्तव्य आलं की मी आधी दोन गोष्टी बघते. हा माणूस त्या खोलीत स्वतः होता का, आणि बोलल्यामुळे त्याचं काही जाणार आहे का. दिलीप वेंगसरकर २०१८ मध्ये म्हणाले की २००८ ला मी तमिळनाडूच्या बद्रीनाथऐवजी कोहलीला घेतलं म्हणून माझं निवड समितीचं अध्यक्षपद गेलं. तेव्हा बोर्डाचे खजिनदार असलेले तमिळनाडूचे श्रीनिवासन यामागे होते असं त्यांचं म्हणणं, श्रीनिवासन यांनी ते साफ नाकारलं. वेंगसरकर त्या खोलीत होते त्यामुळे त्यांचं म्हणणं हलकं घेता येत नाही, पण बोलायला दहा वर्षं लागली आणि तोवर कोहली कोहली झाला होता, त्यामुळे तेवढं वजन मी कमी धरते. बेदींच्या पत्रात मात्र दोन्ही गोष्टी होत्या. गेलं ते स्वतःचंच नाव, आणि ते त्यांनी आपणहून काढायला सांगितलं.

प्रश्न : मांजरेकरला कॉमेंट्रीतून काढलं ते बरोबरच झालं ना? जडेजाबद्दल काहीही बोलत होता. – एक वाचक, औंध

नाही, बरोबर नाही झालं. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये संजय मांजरेकर म्हणाला की थोडी बॅटिंग थोडी बोलिंग करणारे खेळाडू मला वनडेत पटत नाहीत आणि जडेजा सध्या तसा आहे. मत चुकीचं होतं. जडेजानं ट्विटरवर खडसावलं आणि लगेच मँचेस्टरच्या सेमीफायनलमध्ये न्यूझीलंडविरुद्ध ५९ बॉलमध्ये ७७ मारले, मांजरेकरनंही मग चूक मान्य केली. विषय तिथे संपायला हवा होता. पण मार्च २०२० ला बोर्डाच्या पॅनलमधून त्याचं नाव गेलं आणि काही महिन्यांनी त्यानं बोर्डाला माफीचा ईमेल पाठवला. खेळाडूनं उत्तर दिलं हे योग्यच, पण बोर्डानं पोटावर पाय देणं हे अजिबात नाही. दुसऱ्या दिवसापासून बाकीचे कॉमेंटेटर किती जपून बोलायला लागले असतील याचा विचार करा.

प्रश्न : माझे बाबा सत्तरीच्या पुढे आहेत. कसब्यातल्या एका मंडळाकडून ते बरीच वर्षं कबड्डी खेळले, डावा कोपरा सांभाळायचे, घोटा पकडला की सोडायचे नाहीत असं लोक अजून सांगतात. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी लिहिलं की मॅटवर शूज घालून खेळतात ती कबड्डीच नाही, सगळं टीव्हीसाठी चाललंय. आणि खाली असंही लिहिलं की खेळाच्या पटांगणात गाड्या लावायला देता त्याचे पैसे कुठे जातात ते एकदा सांगा. त्याच रात्री त्यांना ग्रुपमधून रिमूव्ह केलं. सुवर्णमहोत्सवाची पत्रिका सगळ्या जुन्या खेळाडूंना गेली, बाबांना नाही. ऑफिसातला राज्य स्पर्धेचा ग्रुप फोटो काढलाय, नुसता खिळा राहिलाय भिंतीवर. बाबा काही बोलत नाहीत पण संध्याकाळी फिरायला जाताना मुद्दाम मागच्या गल्लीनं जातात. आम्ही काय करावं? – एक मुलगी, कसबा पेठ

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र हेच आहे, कारण बोर्ड आणि स्टार खेळाडू यांच्यावर सगळेच बोलतात, पण पेठेतल्या मंडळात हेच घडतं तेव्हा ना बातमी होते ना कुणी मध्ये पडतं.

तुमच्या बाबांच्या मेसेजमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मंडळानं त्या सोयीनं एकत्र केल्या.

पहिली, मॅटची. इथे मी बाबांशी सहमत नाही, त्यांना मोकळेपणानं सांगा. २०१४ ला प्रो कबड्डी आली, तीस सेकंदांची चढाई, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईला गुण घ्या नाहीतर बाहेर बसा, त्यामुळे खेळ फास्ट झाला, टाइमपास करत लीड सांभाळत बसणं कमी झालं. आपली पुणेरी पलटण २०२४ च्या मार्चमध्ये हरियाणाला हरवून पहिल्यांदा चॅम्पियन झाली तेव्हा पुण्यात कबड्डी कधीच न बघितलेली पोरं मोबाईलवर फायनल बघत होती. गावाकडच्या पोरांना या खेळात पैसा दिसायला लागला, आईवडील आता खेळू देतात. मातीत खेळलेल्या माणसाला मॅट परकी वाटणार हे कबूल, ढोपरं सोलून घेत ज्यानं घोटा पकडलाय त्याला शूज घालून केलेली पकड सोपी वाटणारच. पण कोपऱ्यातल्या माणसाचं काम तेच राहिलंय, चढाईपटूचा पाय कधी पुढे येतो ते ओळखायचं आणि अर्धा सेकंद आधी झेपायचं. एकदा त्यांच्या शेजारी बसून पलटणची एखादी मॅच बघा आणि त्यांना फक्त कोपऱ्यातल्या पोराकडे बघायला सांगा, मला वाटतं ते मॅट विसरतील.

दुसरी गोष्ट हिशोबाची, आणि तिथे बाबांचं शंभर टक्के बरोबर आहे. तो प्रश्न मताचा नाहीच, हक्काचा आहे. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणे विश्वस्तांना हिशोब ठेवावे लागतात, त्यांचं ऑडिट करून घ्यावं लागतं आणि तो अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. गाड्यांचे पैसे आले असतील तर ते त्यात दिसायला हवेत. मला तर सरळ असं दिसतंय की झोंबला तो पार्किंगचा प्रश्न, पण माणसाला काढलं ते जुन्या खेळाबद्दल कुरकुर करणारा म्हातारा म्हणून. म्हणजे पोरांनाही वाटलं की काका आपल्याविरुद्ध बोलले, आणि हिशोबाचं राहिलं बाजूला.

तर आता असं करा. ग्रुपवर परत घ्या म्हणून विनवण्या नकोत, आणि भांडायलाही कुणी जाऊ नका. बाबांच्या वेळच्या टीममधले जे दोन-तीन जण आहेत त्यांना घरी चहाला बोलवा. हिशोबाचं पत्र वेगळं लिहा, एका पानाचं, कबड्डीबद्दल एक शब्द न घालता, त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या, मंडळात नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच महत्त्वाची, ती नसेल तर उद्या पत्र आलंच नाही म्हणतील. दाद लागली नाही तर पुण्यातल्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी क्रमांक देऊन मंडळाचे हिशोब बघायला मिळावेत म्हणून अर्ज करता येतो, एखाद्या वकिलाला किंवा सीएला सोबत घ्या म्हणजे सोपं जाईल.

फोटोचं मात्र मला सहन होत नाही. तो काही एकट्या तुमच्या बाबांचा फोटो नव्हता, अख्ख्या टीमचा होता, त्यात गेलेली माणसंही असतील, त्यांच्या घरच्यांना विचारलं का? टीमपैकी कुणाच्या तरी घरी कॉपी असणारच, ती स्कॅन करून मोठी करून घ्या आणि सगळ्या जुन्या खेळाडूंच्या वतीनं मंडळाला भेट द्या, सुवर्णमहोत्सवाच्या आधीच. देताना सगळे मिळून जा. आणि हे मंडळाचे कुणी वाचत असतील तर त्यांना सांगते, पन्नास वर्षं साजरी करताय ती ज्या पकडींच्या जोरावर त्यातल्या कित्येक या माणसाच्या आहेत. स्टेजवर शाल-श्रीफळ द्यायला फक्त हो ला हो म्हणणारे बोलावणार असाल तर पाहुणे कमी आणि प्रश्न जास्त होतील.

बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांना म्हणावं नेहमीच्या गल्लीनंच जा, चुकलंय ते त्यांचं नाही.

प्रश्न : मी फर्ग्युसनला शिकतो, मँचेस्टर युनायटेडचा फॅन आहे. रॉय कीन टीव्हीवर सारखा आमच्याच टीमला झोडत असतो, तो खरंच क्लबचा माणूस आहे का? – एक विद्यार्थी, मॉडेल कॉलनी

आहेच. १९९३ पासून बारा वर्षं तो तिथे होता, बराच काळ कॅप्टन. २००५ ला मिडल्सब्रोकडून ४–१ हरल्यावर क्लबच्याच चॅनलवर त्यानं सहकाऱ्यांना इतकं झोडपलं की ती मुलाखत दाखवलीच नाही आणि नोव्हेंबरमध्ये तो क्लबबाहेर गेला. म्हणजे आज स्टुडिओत जे बोलतो तेच तो ड्रेसिंगरूममध्ये असतानाही बोलत होता, तेव्हा त्याची किंमत मोजली त्यानं. त्याचं प्रत्येक मत तुला पटायची गरज नाही, मलाही कधी कधी तो फार टोकाचा वाटतो. पण फॅन लोकांनी किती ताणावं यालाही मर्यादा हवी. स्वीडनमध्ये फुटबॉलपटू झ्लाटन इब्राहिमोविचनं २०१९ ला स्टॉकहोमच्या हॅमार्बी या प्रतिस्पर्धी क्लबमध्ये हिस्सा घेतला, तर त्याच्या मूळ गावी, माल्मोत, नुकत्याच बसवलेल्या त्याच्या पुतळ्याची लोकांनी नासधूस केली आणि शेवटी तो पाडलाच. तसं काही करावंसं वाटलं तर मोबाईल बंद करून पळायला जा.

प्रश्न : सचिननं मदत केली नाही असं विनोद कांबळी टीव्हीवर बोलला, ९६ च्या वर्ल्ड कपमधल्या श्रीलंकेविरुद्धच्या सेमीफायनलवर शंका घेतली. मग आता त्याच्या आजारपणात सगळ्यांनी मदत का करायची? – एक वाचक, सातारा रोड

९६ बद्दल मी तुमच्या बाजूनं आहे. ईडन गार्डन्सवर टॉस जिंकून फील्डिंग घेतली यावर त्यानं २०११ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी शंका घेतली, पुरावा काही दिला नाही, तेव्हाचा कॅप्टन अझरुद्दीननं तो टीमचा निर्णय होता असं सांगितलं. श्रीलंका त्या स्पर्धेत चेस करताना काय धुलाई करत होती ते आठवलं तर निर्णयात संशय घेण्यासारखं मला काही दिसत नाही. असा आरोप पुराव्याशिवाय करू नये, अख्ख्या टीमवर डाग लागतो.

पण मदतीचा त्याच्याशी काय संबंध? १७ टेस्ट, ५४ च्या वर ॲव्हरेज, लागोपाठ दोन टेस्टमध्ये दोन डबल सेंचुऱ्या, आणि तेविसाव्या वर्षी टेस्ट करिअर संपलं. वागण्यात त्याच्या चुका झाल्या असतील, तरी हे आकडे कुणी पुसू शकत नाही. सुनील गावस्करांच्या चॅम्प्स फाउंडेशननं २०२५ मध्ये त्याला महिना तीस हजार रुपये सुरू केले ते या खेळासाठी. आणि सचिनबद्दल म्हणाल तर २००९ च्या त्या कार्यक्रमातलं बोलणं वैतागातून आलं होतं, सचिननं आपल्यासाठी सगळं केलं, २०१३ मधल्या दोन ऑपरेशनचा खर्चही त्यानंच दिला, हे कांबळीनं नंतर स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. ती मुलाखतही तेवढीच शेअर करा.