लांब चोच एवढ्यावर वटवट्याची जात ठरवू नका

तुम्ही लिहिलंय की पाणकणसात फोटो काढलेल्या वटवट्याची (वॉर्बलर, छोटा पक्षी) चोच लांब दिसली, म्हणून ‘मोठ्या चोचीचा बोरू वटवट्या’ अशी पक्षीनोंद केली आणि तपासणाऱ्यांकडून ती कारण न देताच परत आली. नोंद अडवली ते योग्यच, कारण न देणं मात्र अजिबात पटत नाही. माझी धान वटवट्याची नोंद ‘पुरावा अपुरा’ एवढ्या दोन शब्दांत परत आली होती. अपुरा होता तो आवाज. ढीगभर फोटो होते, ध्वनिमुद्रण एकही नव्हतं.

तुम्ही नोंदवलेल्या पक्ष्याचा, म्हणजे मोठ्या चोचीच्या बोरू वटवट्याचा (शास्त्रीय नाव ॲक्रोसेफॅलस ओरिनस), इतिहास बघा. पक्षितज्ज्ञ ए. ओ. ह्यूम यांना १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात एकच नमुना मिळाला. पुढे काहींनी तो दंगेखोर बोरू वटवट्यात ढकलला. २००२ मध्ये डीएनए तपासल्यावर ती स्वतंत्र जात ठरली, आणि जवळचं नातं निघालं ब्लाइथच्या बोरू वटवट्याशी. २००६ मध्ये थायलंडात जिवंत पक्षी जाळीत सापडला. त्यानंतर संग्रहालयांच्या खणांतून ब्लाइथचा बोरू वटवट्या अशा चिठ्ठ्या लावलेले ओरिनस निघाले! हातातल्या नमुन्यावर जिथे फसगत झाली, तिथे एका बाजूने काढलेला फोटो काय पुरणार? चोच, नख्या आणि शेपटीची पिसं मोजल्याशिवाय किंवा डीएनएशिवाय हे नाव लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी शेपटीखालची पिसं बघा. ती लांब आणि शेपटी गोलसर, तर ॲक्रोसेफॅलस, म्हणजे बोरू आणि धान वटवट्यांची प्रजाती (जीनस). ती आखूड, शेपटी चौकोनी आणि कडा फिकट, तर इडुना ही दुसरी प्रजाती. साइक्सचा वटवट्या त्यातला, साइक्स यांनी १८३२ मध्ये आपल्या दख्खनमधूनच वर्णन केलेला. मग भुवई, म्हणजे डोळ्यावरचा फिकट पट्टा: धान वटवट्याची ठसठशीत, डोळ्यामागेही जाणारी, वरून गडद कड असलेली. ब्लाइथची डोळ्यामागे जेमतेम पोचते. दंगेखोर तर आकारानेच मोठा, आवाजही जाड, खरखरीत.

मोबाइलवर दोन मिनिटं त्याची ‘चक् चक्’ हाक टिपून ठेवा, शक्यतो वेव्ह (.wav) फाइलमध्ये. ओरिनस आणि ब्लाइथ त्यानेही वेगळे होत नाहीत, पण बाकीचे बरेच गळतात. हे सगळं हिवाळ्यातल्या, दुर्बिणीतून पाहिलेल्या पक्ष्यापुरतं. पिसं झिजलेली असतील तर भुवईवरही फार विसंबू नका.

तोवर नोंद ‘ॲक्रोसेफॅलस, जात अनिश्चित’ अशी बदला, मूळ न कापलेले फोटो जोडा. आणि पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका.